दार उघडण्याची घाई करू नये

माणसाच्या प्रगतीतला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे त्याला काम येत असणं. ज्याला काम येतं तो आयुष्यभर कामच करत राहतो, आणि ज्याला येत नाही तो पुढे जातो. हे सत्य जगाला उशिरा कळलं आणि आमच्या कंपनीला त्याहून उशिरा. पण एकदा कळल्यावर आम्ही जी आघाडी घेतली तिला तोड नाही.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. अडकलेली लिफ्ट सोडवण्याचं काम आमच्याकडे अनेक वर्षं अत्यंत मागास पद्धतीनं चालत असे. फोन आला की जो जवळ असेल तो उठायचा, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जायचा, वीज बंद करायचा, ब्रेक हातानं सैल करून चाक फिरवायचा, लिफ्ट मजल्याला लावायचा आणि तिकोनी किल्लीनं दार उघडायचा. (ही किल्ली प्रत्येकाच्या पट्ट्याला असते. एक जादा किल्ली माझ्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली आहे, कारण मी सुट्या भागांच्या भांडाराचा प्रमुख आहे आणि जादा वस्तू माझ्याकडेच असतात.) आतला माणूस घाम पुसत बाहेर यायचा, आभार मानायचा आणि आपल्या वाटेनं जायचा. या सगळ्यात नेतृत्व कुठेच नव्हतं. नवोन्मेष तर औषधालाही नव्हता.

आमचे साहेब एकदा कसल्याशा परिषदेला गेले आणि आले ते वेगळेच माणूस होऊन. आल्या आल्या त्यांनी ‘तंत्रज्ञांसाठी नेतृत्व व नवोन्मेष’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा केला. प्रमाणपत्र नसेल त्याला बढती नाही, असं परिपत्रक निघालं. परिपत्रकात ‘ऐच्छिक’ हा शब्द होता, पण तो सक्तीचं स्वरूप समजावून सांगताना आला होता.

शिकवायला एक मॅडम होत्या. त्या दुसऱ्या देशातून बोलत, त्यांच्यामागे नेहमी एक टवटवीत झाड असे, आणि लिफ्ट वर जाते व खाली येते यापलीकडे त्यांना लिफ्टबद्दल काहीही माहीत नव्हतं. ही त्यांची कमतरता आहे असा आमचा सुरुवातीला गैरसमज झाला. पुढे दुसऱ्या धड्यात कळलं की तिला ‘मोकळी नजर’ म्हणतात आणि ती आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

वर्गाचे नियम साहेबांनी स्वतः मंजूर केले होते. सगळ्यांनी आपापल्या संगणकावर, कानाला हेडफोन लावून बसायचं, मग सगळे एकाच खोलीत का असेनात. (आम्ही एकाच खोलीत होतो. वंगणाचं काम बघणारे तेलकाका माझ्या इतके जवळ बसत की त्यांची शिंक मला आधी प्रत्यक्ष आणि नंतर ऑनलाइन ऐकू येई.) कॅमेऱ्यातून चेहरा गेला की गैरहजेरी. फोन आवाज बंद करून ड्रॉवरमध्ये. वर्गात कोणीही साहेब नाही, सगळे सारखे. नेता हुकूम देत नाही, प्रश्न विचारतो. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: समाधानाकडे उडी मारायची नाही. तंत्रज्ञ जमातीचा हा मूळ आजार आहे, असं मॅडम म्हणत. बिघाड दिसला की आम्ही तो लगेच दुरुस्त करतो, त्यामुळे बिघाडाला आपलं म्हणणं मांडायला वावच राहत नाही.

अभ्यासक्रमाचे परिणाम थक्क करणारे होते. तेलकाका पूर्वी ग्राहकावर डाफरत, “अर्ध्या तासात चालू होईल, डोकं खाऊ नका.” आता ते मृदूपणे विचारू लागले, “ती कधी चालू व्हावी, असं तुम्हाला आतून वाटतं?” ग्राहकांच्या तक्रारी नव्वद टक्क्यांनी घटल्या. (उरलेल्या दहा टक्के ग्राहकांनी अजून दुसरी कंपनी शोधलेली नाही.)

अशा रीतीनं आम्ही शेवटच्या सत्राला येऊन पोहोचलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात बसलो होतो. समारोपाचे दोन शब्द साहेब पाचव्या मजल्यावरच्या आपल्या केबिनमधून बोलणार होते, त्यासाठी ते तळमजल्यावरून लिफ्टनं निघाले. आमच्या स्वतःच्या इमारतीतल्या त्या लिफ्टची देखभाल अभ्यासक्रम संपेपर्यंत पुढे ढकलली होती, साहेबांच्याच सहीनं. तिच्यातल्या धोक्याच्या घंटेची वायर काढून ठेवली होती, कारण घंटा अधूनमधून उगीच वाजे आणि शिकण्यात व्यत्यय येई; हीही साहेबांचीच सूचना. लिफ्टनं दोन्ही आदेश पाळले. तिसरा मजला ओलांडला आणि चौथा यायच्या आत ती थांबली.

साहेबांनी मला फोन केला. माझा फोन नियमाप्रमाणे ड्रॉवरमध्ये होता. त्यांनी सगळ्यांना फोन केले. सगळ्यांचे फोन नियमाप्रमाणे ड्रॉवरमध्ये होते. मग नाइलाजानं त्यांनी मोबाइलवरून वर्गात प्रवेश घेतला, आणि पडद्यावर त्यांचा घामानं निथळलेला चेहरा आणि मागे चकचकीत पत्र्याची भिंत दिसू लागली.

“किती बोलकी पार्श्वभूमी निवडली आहे तुम्ही!” मॅडम म्हणाल्या.

“पार्श्वभूमी कसली, लिफ्ट आहे ही! मी अडकलोय!”

“अगदी खरं आहे,” मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. “आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या लिफ्टमध्ये अडकलेले असतो.”

आम्ही सर्वांनी हे वाक्य उतरवून घेतलं.

“अहो, दार उघडा कोणीतरी! ए तेलकाका, ऊठ!”

इथे मॅडमनी त्यांना हळूच थांबवलं. हा हुकूम झाला, त्या म्हणाल्या, आणि हुकूम ही जुन्या नेतृत्वाची खूण आहे. हेच प्रश्नाच्या रूपात मांडता येईल का? साहेबांनी एक खोल श्वास घेतला. माणूस मुळात शिस्तीचा.

“तुम्हाला,” ते दातओठ खात म्हणाले, “दार उघडावंसं वाटतंय का?”

“सुंदर,” मॅडम म्हणाल्या. “आता ही शांतता ऐकूया.”

आम्ही शांतता ऐकली. साहेब वाईट माणूस नाहीत. रोज सकाळी ते दोन कप चहा घेतात, त्यात हल्ली डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आहे, आणि त्या गोळीनं माणसाला वारंवार जाऊन यावं लागतं. हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक आहे, कारण सकाळच्या बैठका त्या हिशेबानंच ठेवलेल्या असतात. आत्ता नेमकी तीच वेळ होती, आणि लिफ्टमध्ये कोपरे चार असले तरी सोय एकही नाही.

ब्रेकचं काम बघणारी ब्रेकताई माझ्या समोर बसली होती. तिचा हात पट्ट्यावरच्या किल्लीकडे गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. ती उठली.

“कोणीतरी उठतंय,” मॅडम म्हणाल्या. “ही समाधानाकडची उडी तर नाही ना? त्या अस्वस्थतेसोबत थोडं बसून बघूया का?”

ब्रेकताईची बढती तीन वर्षं अडली आहे. ती अस्वस्थतेसोबत बसली.

त्यानंतर मॅडमनी या उत्स्फूर्त नाट्याचा (असं त्या म्हणाल्या) आधार घेऊन नवोन्मेषाचा तास सुरू केला. प्रत्येकानं पडद्यावर रंगीत चिठ्ठ्या लावायच्या होत्या. एरवी मान वर न करणारी माणसं त्या दिवशी कशी फुलली, ते बघण्यासारखं होतं. लिफ्टमध्ये आरामखुर्ची असावी. लिफ्टमध्ये झाड असावं (हे लिहिणाऱ्याला मॅडमनी पडद्यावरून लाल बदाम पाठवला). अडकलेल्यांचा संघ असावा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते, तर तिथेच मजला का बांधू नये? अडकण्याला ‘विराम’ म्हणावं आणि त्याचं वेगळं शुल्क घ्यावं. तेलकाकांनी चिठ्ठी लावली, ‘दार उघडावं.’ ती बाद झाली, कारण ही कल्पना आधीच वापरात आहे आणि नवोन्मेषाच्या व्याख्येत बसत नाही.

साहेब दरम्यान पडद्याच्या अगदी जवळ आले होते आणि करंगळी दाखवत होते. आधी एकदा दाखवली, मग बराच वेळ धरून ठेवली.

“बघा,” मॅडम गहिवरून म्हणाल्या, “हे सांगताहेत की बदल लहानशा गोष्टीपासून सुरू होतो.”

वर्गातल्या सर्वांनी आपापल्या करंगळ्या वर केल्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी त्याची नोंद ‘भावनिक मोकळेपणा’ या सदरात घेतली आणि त्यांना पूर्ण गुण दिले.

शेवटी मतदान झालं. प्रश्न होता, साहेबांना बाहेर काढावं का? बाजूनं एकच मत पडलं, ते साहेबांचं. पण त्यांचा त्यात वैयक्तिक हितसंबंध असल्यानं ते धरता आलं नाही. बाकी सर्वांनी ‘आधी सखोल सर्वेक्षण व्हावं’ या पर्यायाला मत दिलं, कारण तो पर्याय सर्वांत लांबलचक होता आणि परीक्षेत लांबलचक उत्तर बरोबर असतं.

“अरे गाढवांनो,” साहेब ओरडले, “तुम्ही लिफ्टची माणसं आहात! तुम्हाला येतं हे! तुमच्यासमोर भिंतीपलीकडे आहे मी, आणि मला...”

इथे त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली. नियमाप्रमाणे त्यांची गैरहजेरी लागली. आपण स्वतः सक्तीच्या केलेल्या अभ्यासक्रमात अनुत्तीर्ण होणारे ते कंपनीतले पहिले गृहस्थ ठरले, आणि त्यांच्याच परिपत्रकानुसार त्यांना यापुढे बढती नाही.

थोड्या वेळानं कुठूनतरी धपधप आवाज येऊ लागला. मॅडमच्या कपाळावर बारीकशी आठी पडली.

“कोणाचा तरी माईक चालू राहिला आहे,” त्या म्हणाल्या. “कृपया बंद कराल?”

आम्ही सर्वांनी तपासलं. सर्वांचे माईक बंद होते. आवाज हेडफोनमधून नाही, त्याच्या बाहेरून येत होता, म्हणून आम्ही हेडफोन जरा घट्ट दाबून बसलो.

आता शेवटची पायरी चालू आहे. ‘आजच्या अनुभवातून मी काय शिकलो’ यावर प्रत्येकानं शांतपणे चिंतनपर लेखन करायचं आहे. तुम्ही वाचताय ते हेच. ब्रेकताई माझ्यासमोर लिहितेय आणि लिहिता लिहिता एका हातानं किल्ली कुरवाळतेय. तेलकाका लिहीत नाहीयेत, नुसते दाराकडे बघताहेत. धपधप अजून चालू आहे, पण मघापेक्षा हळू. मला त्या आवाजाचं फार वाईट वाटतंय, आणि ते मी लेखनात नमूद केलं आहे, कारण भावना नमूद करण्याला वेगळे गुण आहेत.

हे लेखन कोणाकडे तपासायला जाईल ते आम्हाला सांगितलेलं नाही. ते तुमच्या हातात आलं आहे, म्हणजे परीक्षक तुम्ही. माझे गुण तुम्ही द्यालच. पण या अभ्यासक्रमात परीक्षकालाही गुण द्यायचे असतात, तेव्हा तुमचे मी इथेच देऊन टाकतो. मशीनरूम कुठे आहे, चाक कसं फिरवायचं, जादा किल्ली कुठल्या खिळ्याला आहे, हे सगळं मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. आत माणूस आहे आणि त्याला कशाची घाई आहे, हेही लपवलं नव्हतं. तरी तुम्ही जागचे हलला नाहीत, शेवटपर्यंत शांतपणे बसून वाचलंत, आणि करंगळीच्या जागी तर हसलातसुद्धा. माझ्याकडून तुम्हाला पूर्ण गुण. प्रमाणपत्रावर घालायला तुमचं नाव तेवढं कळवा.