भाऊजी वारा बघतात

बिरवाडीला भाऊजींकडे गेलं की लगेच बसता येत नाही. ते आधी अंगणातली चिमूटभर माती उचलतात, बोटांतून सोडतात, ती कुठे उडते ते बघतात आणि ज्या बाजूनं वारा येतो, बाकाच्या त्या टोकाला आपल्याला बसवतात. गप्पांत वारा फिरलाच, तर हातातल्या चहासकट उठून दुसऱ्या टोकाला जायचं. पोस्टमनलाही यातून सूट नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, जवळच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. दोन बोटांत बिडी आणि तोंडात एकच वाक्य: "आन् ह्याचं काय?" कोणी बिडीला नावं ठेवली की ते कारखान्यांच्या चिमण्यांकडे बोट दाखवतात. मग कशेडी घाट चढणारे ट्रक, चूल, डासांची अगरबत्ती. वरंधच्या एका लग्नात त्यांनी होमाकडेही बोट दाखवलं होतं. भटजी खोकत होते, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. म्हातारा बिडीची वकिली करतो, असं गावात म्हणतात.

ही वकिली ताई गेल्यापासूनची. ताई फुप्फुसाच्या कर्करोगानं गेली, आणि तिनं जन्मात बिडी ओढली नव्हती. त्याआधी भाऊजी फारसे बोलतच नसत. संध्याकाळी बाकावर बिडी पेटवली की तेवढे बोलायचे, ती विझेपर्यंत. म्हणून ताई हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायची.

वर्षश्राद्धाचं जेवण आटोपून माणसं पांगली. मी मला नेमून दिलेल्या टोकाला बसलो होतो. माझ्याकडे न बघता भाऊजींनी विचारलं, "मास्तर, तू वाचतोस. बिडीनंच झालं का रे?"

मी याविषयी खरंच बरंच वाचलं होतं. हवेतलं विष खोटं नाही, चुलीचा धूरही खोटा नाही. पण बिडीचं पारडं फार जड, आणि तिचा धूर शेजारी बसणाऱ्यालाही सोडत नाही. तेवढं मी सांगितलं. एका माणसाला नेमकं कशानं झालं ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत, हेही सांगितलं.

"म्हंजे सुटलो पन नाय," ते म्हणाले, "आन् अडकलो पन नाय."

आता बोट चिमण्यांकडे जाईल असं मला वाटलं. गेलं नाही. त्यांनी माती सोडून बघितली. वारा फिरला होता. मला उठण्याची खूण झाली. उठताना माझं लक्ष बिडीकडे गेलं. टोक कोरं होतं, पान हाताळून हाताळून मऊ पडलं होतं.

"भाऊजी, ही पेटलेली नाही."

"ती गेल्यापासनं पेटवली नाय."

"मग वारा कशाला बघता?"

मी ज्या टोकावरून उठलो होतो, तिथे त्यांनी हात ठेवला.

"ती इथं बसायची," ते म्हणाले. "तेवा कधी बघितला नाय."