आधी पाहून येतो

सहा माणसांच्या घरात मी एकदा पाच मोजली. तीही मनातल्या मनात नव्हे, चांगली मोठ्यानं, फोनवर, पार इटलीत ऐकू जातील अशी. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची पोर होते, नवा मोबाइल हाती आला होता आणि माझ्यावाचून घर चालत नाही अशी माझी खात्री होती. त्या वयात असं वाटतंच.

राहून गेलेलं सहावं माणूस म्हणजे माझे धाकटे दीर, दिगंबरभाऊजी. मी लग्न होऊन औंढ्याकडच्या गोरेगावात आले तेव्हा ते सातवीत होते. पुढं त्यांनी लग्न केलं नाही. काहून, ते कुणी विचारलं नाही. खरं म्हणजे ते विचारायचं काम माझं होतं.

भाऊजींची एक खोड होती. घरच्यांना कुठं न्यायचं असलं की आदल्या दिवशी ते एकटे जाऊन येणार. "आधी पाहून येतो," म्हणायचं आणि निघायचं. औंढा नागनाथला जायचं ठरलं की हे आधी जीपनं जाऊन चपला कुठं सोडायच्या, गार पाणी कुठं मिळतं, माझ्या गुडघ्यांना किती पायऱ्या पडतात, सगळं पाहून परत. दर्शन? "ते उद्या सगळ्यांबराबर." एकदा वारंगा फाट्याला सोयऱ्यांकडं जेवायला जायचं होतं, तर तिथंही आदल्या दिवशी जाऊन बसले. त्या माउलीनं बिचारीनं दोन्ही दिवस पुरणपोळी केली.

मग आमच्या थोरल्या लेकानं इटलीहून कळवलं, मार्चात सगळे या. उत्तरेकडं एका तळ्याकाठच्या गावात त्याची नोकरी. आता इटली कशी आधी पाहून येणार? भाऊजी चार दिवस कासावीस होते. पाचव्या दिवशी ते मोबाइलच्या नकाशात शिरले आणि पोराचं गाव गल्लीन् गल्ली फिरून आले.

"वहिनी, ठेसनापासून पोराचं घर म्हंजे इथून मारुतीचा पार. मधी एक चढ हाय. पण चढावर बाकडं हाय, तुमी बसाल."

"आन थंडी?" आमच्या यांनी विचारलं.

"सकाळी आपल्या पूस महिन्यावानी. दुपारी ऊन. डोंगरावर बर्फ राहील, पण खाली झाडं फुलून राहिली असतील." फुलांपाशी त्यांचा आवाज जरा खाली आला.

मी म्हणाले, "भाऊजी, तिकडं वावर घेऊन राहिले काय?"

सगळे हसले. तेही हसले.

पासपोर्टाच्या कार्यालयातही आम्हाला न्यायच्या आधी ते एकटे जाऊन आले. नंतर एका दुपारी अंगणात खुर्च्या मांडल्या, तीन पुढं, तीन मागं, मधलं अंतर दोरीनं मोजून. विमानात असंच बसावं लागतं म्हणे, म्हणून दोन तासांची तालीम. आम्ही गुडघे पुढच्या खुर्चीला टेकवून बसलो. शेजारीण दळण घेऊन चालली होती, ती थांबली.

"काय वो, गाडी कवा सुटते?"

"सुटली," भाऊजी म्हणाले, "तुमी खाली राहिल्या."

ते स्वतः उभे राहून आम्हाला पाणी देत होते. कडेची एक खुर्ची रिकामी होती. "ही कुणाची?" मी विचारलं. "असू द्या," ते म्हणाले. मी तिच्यावर पिशवी ठेवली.

त्याच आठवड्यात थोरल्याचा व्हिडिओ कॉल आला. "आई, तिकिटं काढतो. किती जण?"

"पाच," मी म्हणाले. "आमी दोघं, तुझा भाऊ, सून आन नात."

"आन काका?"

"मार्चात हळद शिजवायची असती रे. ती कोण पाहील? काका हायेत की घरी."

माझा हात थरथरतो, म्हणून फोन भाऊजींनीच धरला होता. ते म्हणाले, "वहिनी, मान जरा खाली घ्या, कपाळ फोनात कटून राहिलं."

त्यानंतरही त्यांनी काही कमी केलं नाही. व्हिसाचे कागद, स्वेटर, माझ्या गोळ्यांच्या पुड्या, सगळं त्यांनीच केलं. तालीम मात्र पुन्हा झाली नाही. मला वाटलं, झाली आमची तयारी.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांनी ठेवलेला कागदांचा डबा उघडला. पासपोर्ट मोजले, सहा. परत मोजले, सहा. या खेपेला माझी मोजणी बरोबर होती. सहाव्यावर व्हिसा नव्हता, पानं कोरीच. आत भाऊजी, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, केस तेलानं चापून बसवलेले. आम्हाला न्यायच्या आधी कार्यालय पाहून आले होते ना, तेव्हाचा तो.

मी तशीच वावरात गेले. हळद शिजवायचा मोठा कुकर चालू होता, वाफेत भाऊजी उभे. मी पासपोर्ट पुढं केला.

"भाऊजी, मला एकदा सांगायचं न्हाई का वो?"

त्यांनी पिवळे हात पंच्याला पुसले. डाग पडू नये म्हणून पासपोर्ट कडेनं धरला, उघडला, बराच वेळ पाहिला.

"काढला होता, वहिनी. पण फोटो काही बराबर आला न्हाई."