बेल वाजवू नये

टोरलाइफ आपल्या सोसायटीचा चेअरमन झाला आणि पुढच्याच महिन्यात साथ आली. याला त्याने आपलं नशीबच मानलं. नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमच्या त्या तीन मजली बिल्डिंगला शिस्त नाही, असं म्हणूनच तर तो निवडून आला होता. त्याच्या आधीच्या चेअरमन आस्लाउगबाई, वय चौऱ्याहत्तर. त्यांचा कारभार म्हणजे वॅफलची ताटली घेऊन दारोदार जायचं आणि विचारायचं, "काय रे, अंगण कधी झाडू या? शनिवारी की रविवारी?" एवढं ठरायलाही दोन आठवडे जायचे. पण झाडायला सगळे हजर असायचे, हेही खरं.

टोरलाइफने कुणालाच विचारलं नाही. जिना भिंतीकडून चढायचा, कठड्याकडून उतरायचा. अंगणात थांबून बोलायचं नाही. सत्तरीपुढच्यांनी घरातच बसायचं, त्यांचं वाणसामान बाकीच्यांनी दाराशी ठेवायचं. अपवाद नाही! आणि दारादारावर त्याच्या सहीचा कागद : बेल वाजवू नये.

आता सत्तरीपुढचं माणूस बिल्डिंगमध्ये एकच. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगने आस्लाउगबाईंच्या दाराशी पिशव्या ठेवल्या. दूध, बटाटे आणि तपकिरी चीज. चीज तर प्रत्येकाने.

"अरे, पुरे करा!" बाई खिडकीतून ओरडल्या. "मी एकटी बाई आहे, उंदरांची फौज नाही!"

तळमजल्यावरच्या ऑडुनने खालून हात हलवला आणि तो लगबगीने आत पळाला. नियम म्हणजे नियम. चीज येतच राहिलं.

मग खुद्द टोरलाइफलाच खोकला झाला आणि चेअरमनसाहेब घरात कोंडले गेले. आता आपल्या दाराशी पिशव्यांची रांग लागणार, असं त्याला वाटलं. कसली रांग! हा पडला अठ्ठावन्नचा, आणि अपवाद तर यानेच बंद केलेले. मागायची लाज वाटली. शेवटी कपाटातली कडक रोटी पाण्यात बुडवून खायची वेळ आली.

एके सकाळी दारावर काठी ठोकल्याचा आवाज आला. उघडून बघतो तर उंबऱ्याशी गरम वॅफल, वर चीज, आणि खालच्या पायरीवर बसलेल्या आस्लाउगबाई.

"तुम्ही बाहेर पडायचं नाहीये!" तो खोकत म्हणाला.

"मग लाव आणखी एक कागद. आधी खा."

"पण मी आजारी आहे, हे कळलं कसं तुम्हाला?"

"मंगळवारपासून तू कुणावर ओरडला नाहीस. म्हटलं, मेलं की काय पोरगं!"

बाई बराच वेळ बसल्या. मुलगी ऑलेसुंडला तिच्या घरी राहायला बोलावते आहे, म्हणाल्या. "चीज आहे रे वर्षभराचं. पण दोन शब्द बोलायला कुणी फिरकत नाही."

'माफ करा' हे शब्द टोरलाइफच्या अगदी ओठांवर आले होते. तोंडातून निघालं काय, तर "दोन मीटर सांभाळा." मेल्याची जीभ! ते आठवून तो पुढे कित्येक दिवस मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होता.

तो बरा झाला, सरकारने बंधनंही सैल केली. पण वर जाऊन काय बोलायचं, हे ठरवता ठरवता जून उजाडला. अखेर त्याने स्वतः वॅफल केले, कडेने करपलेले, आणि ताटली घेऊन वर गेला. भिंतीकडूनच. बाईंच्या दारावरचा कागद त्याने टराटरा फाडला आणि बेल दाबली. मग पुन्हा दाबली.

ते दार उघडलं नाही. बाकीची सगळी उघडली.

"बेल वाजली!" ऑडुन धापा टाकत वर आला. "उठली का बंदी?"

"कधीच उठली! महिना होऊन गेला!"

"मग कागद कशाला ठेवलेत? आम्ही रोज म्हणायचो, बाईंकडे जरा जाऊन बसू या. पण तुमचा हुकूम कुठे होता?"

"बाई कुठे आहेत?"

"काल ट्रक आला होता. गेल्या मुलीकडे," ऑडुन म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी खिडकीतून हात केला."

टोरलाइफ ताटली धरून तसाच उभा राहिला. पायऱ्यापायऱ्यांवर माणसं जमली होती, सगळी भिंतीला चिकटून.

"मग कधी जाऊ या त्यांच्याकडे?" त्याने विचारलं. "शनिवारी की रविवारी?"

तो काय सांगतो, याची सगळे वाट बघत होते.