चौघांचे बुजगावणे

शनिवारी सकाळी चंपतरावांच्या ज्वारीत एकोणचाळीस राघू होते. चौतीस कणसांवर, दोन बांधावरच्या बाभळीवर आणि तीन बुजगावण्याच्या उजव्या हातावर. हात वरखाली होत होता, म्हणून ते तिघेही वरखाली होत होते.

सुनयनाने पुन्हा मोजले. भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेली ही मुलगी एकदा मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नसे. आकडा तोच आला.

"जत्रेतला पाळणा बांधला का वं राघूंसाठी?" चंपतरावांनी विचारले.

"बाबा, अजून चाचणी चालू हाय."

"चाचणी तर राघूच करून राह्यले. कोवळं कनीस कोन्तं, भरलेलं कोन्तं."

दरवर्षी ही राखण सुनयनाची आई, रेणुकाबाई करत. मचाणावर बसून त्यांनी गोफणीने मारलेला दगड बाभळीच्या ठरवलेल्या फांदीवर लागे. यंदा त्यांचा खांदा धरला आणि हात कानाच्या वर जाईना. घरची वर्षाची भाकरी त्या ज्वारीत उभी होती, त्यामुळे कोणीतरी मचाणावर बसणे भाग होते, आणि घरात रिकामे कोणी असेल तर ती हैदराबादच्या एमएस्सी प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करणारी सुनयना, असे चंपतरावांचे मत होते. सुनयनाने राखण करणारे यंत्र बनवून देते म्हणून सांगितले. चंपतरावांनी रविवारपर्यंत मुदत दिली.

"आयतवारी राघू दिसले, तर सोमवारपासून तू मचाणावर. पुस्तकं वर ने पाह्यजे तर. पन हातात गोफन पाह्यजे."

यंत्र एकटीने होण्यासारखे नव्हते. म्हणून तिने तिघांना गाठले. पुण्यात एका कारखान्याच्या डिझाइन विभागात काम करणारा मावसभाऊ भारत, कॉलेजातला मित्र आणि आता नागपुरात चित्रकला शिकणारा संघपाल, आणि वरंगलची शिरीषा, जिला कोणत्याही दोन तारा दाखवल्या की ती त्यांतून आवाज काढत असे. रोज संध्याकाळी फोनवर मीटिंग होई. भारत पुणेरी मराठीत बोले, संघपाल नागपुरी मराठीत, शिरीषा हैदराबादी हिंदीत आणि रागावली की तेलुगूत. सुनयना सगळ्यांचे सगळ्यांना समजावून सांगे.

काम मात्र चोख झाले. भारतने मोटारीच्या वायपरची मोटर वापरून वरखाली होणारा हात आखून दिला. फक्त तो सुनयनाच्या गावी, तामसीला, आजवर उन्हाळ्याच्या सुट्टीतच आला होता आणि उन्हाळ्यात शेतात काहीच नसते. त्यामुळे त्याने बुजगावणे पाच फुटी ठेवले, ज्वारी होती आठ फुटी. उभे केल्यावर ते दिसेचना. तेव्हा त्याला रस्त्याकडच्या मचाणावर चढवावे लागले. संघपालला फोटोत हिरव्यावर पांढरे उठून दिसले, म्हणून त्याने पांढरा शर्ट ठरवला आणि बॅटरी उघडी नको म्हणून खांद्याला पिशवी अडकवली. शिरीषाने तिच्या मामांचा भात राखतानाचा "होऽ! होऽ!" असा लांब आवाज टिपून पाठवला. तिन्ही भाग आपापल्या जागी निर्दोष होते.

एकत्र जोडल्यावर मात्र ज्वारीच्या वर, रस्त्याच्या कडेला, स्वच्छ शर्ट घातलेला, खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस हात हलवून "होऽ! होऽ!" करत होता. राघू पहिल्या दिवशी उडाले, दुसऱ्या दिवशी विचारात पडले, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातावर बसले. पण आदिलाबादची सकाळची बस त्याच्यासाठी रोज थांबू लागली.

रविवारी ती पुन्हा थांबली. त्या वेळी सुनयना मचाणाखाली होती. राघू ठरलेल्या आवाजाला सरावले, म्हणून आज नवा आवाज वाजवून पाहावा, या हेतूने तिने आपला फोन नुकताच बुजगावण्याच्या भोंग्याला बिनतारी जोडला होता. तेवढ्यात कंडक्टरबाई तिकिटाचे यंत्र गळ्यात घेऊन थेट बांधावर आल्या.

"एवरम्मा? एक्केदि एवरु?" कोण चढणार आहे, असे त्यांनी तेलुगूत विचारले आणि वर पाहून हिंदीवर आल्या. "तीन दिन से ये साब हाथ दिखाते, बैठते नहीं! मजाक है क्या?"

"त्याले कुठी जायचंच नाई, बाई," चंपतराव शांतपणे म्हणाले. "तो इथलाच हाय."

बसच्या खिडक्यांतून वीसेक डोकी बाहेर आली. एकाने बुजगावण्याला रामराम केला.

"हाथ बंद करो इसका!" कंडक्टरबाईंनी फर्मावले आणि बस गेली.

राघू गेले नाहीत. एकोणचाळीसचे आता त्रेचाळीस झाले होते.

"झालं," चंपतराव म्हणाले. "सुनयना, गोफन काढ."

"एक मिंट, बाबा. मी तिघायले विचारते." सुनयनाने तिथेच फोन लावला. भोंग्याची जोडणी काढायची राहिली, हे तिच्या ध्यानात आले ते भारतचा आवाज आभाळातून आला तेव्हा.

"हात माझ्या आराखड्याप्रमाणेच आहे! पिशवी कुणी अडकवली?"

"मंग बॅटरी काय त्याच्या डोक्शावर ठेवू का बे? तुह्या हातानंच तं गाडी थांबली!"

"मैं पहलेच बोली थी, हाथ नक्को! सुनते कहाँ तुम लोगां?"

"पाच फूट कुणी सांगितलं होतं?" भारतने विचारले.

"तूच!"

तामसीत रेंज एका दमात कधी येत नाही. त्यामुळे वरंगलचे बोलणे पुण्याच्या बोलण्यावर पडे, नागपूरचे उत्तर मागच्याच्या मागच्या प्रश्नाला येई आणि मध्येच सगळा आवाज तुटून मग तिघे एकदम ओरडत. शिरीषा तेलुगूत शिरली. सुनयना फोन बंद करायला गेली आणि थांबली.

कणसांवरून हिरवा थवा उठला. बाभळीवरचेही उठले. सगळे नाल्यापलीकडे गेले.

तिने मोजले. शून्य. पुन्हा मोजले. शून्य.

"बरं," वरून भारतचा आवाज आला, जरा खाली आलेला. "उंचीची चूक माझी असेल."

"नाई बे, माही बी आहे. पिशवी काळी पाह्यजे होती."

"मेरा भी थोड़ा मिस्टेक है," शिरीषा म्हणाली.

नाल्यापलीकडून दोन राघू परत आले आणि बाभळीवर बसले.

"कोणी माफी मागू नका!" सुनयना ओरडली. "भारतदादा, संघपाल तुझ्या हाताले वायपर मनला."

"वायपर? अरे संघपाल, तू तर बुजगावण्याला भाजी आणायला पाठवलंस!"

बाभळ रिकामी झाली.

सुनयना वडिलांकडे वळली. तिचे डोळे चमकत होते. "बाबा, टिपलेला आवाज दर खेपी सारखाच येते. राघूयले दोन दिवसांत पाठ होते. हे भांडन पाठच होत नाई. यायच्या पुढचं वाक्य यायलेच ठाऊक नसते!"

चंपतरावांनी वर पाहिले. भोंगा आता भात आणि ज्वारी यांतल्या फरकावर बोलत होता.

"असे किती दिवस भांडतीन हे?"

"डिझाइन पुरं होईस्तोर."

"मंग पुरं करू नको," चंपतराव म्हणाले आणि गोफण खांद्यावर टाकून घरी गेले.

बुजगावण्याचा हात त्याच दिवशी काढला. मीटिंग संध्याकाळची सकाळी आणली. त्या वेळी तिघेही मोकळे असत, आणि प्रत्येकाला उरलेल्या दोघांना काहीतरी समजावून सांगायचेच होते. सुनयना मचाणाच्या सावलीत पुस्तक घेऊन बसे. वरच्या भोंग्यातून तीन शहरे, काढलेला हात परत कुठे बसवावा, यावर बोलत असत. रेणुकाबाई चहा घेऊन येत आणि ऐकत बसत.

"हे वरंगलची पोरगी खरं बोलून राह्यली," त्या एकदा म्हणाल्या.

"तुले तेलुगू कळते, आई?"

"भांडन कळते."

बुधवारी सुनयनाला राहवले नाही. तिघांचे भांडण त्यांना न सांगता राखणीला वापरणे तिला प्रयोगाच्या दृष्टीने अयोग्य वाटले. तिने तिघांना सगळे खरे सांगितले. तिघे आधी पोट धरून हसले आणि मग फार समजूतदारपणे वागू लागले. गुरुवारी त्यांनी शर्टाचा रंग, पिशवीची जागा आणि हाताची दिशा एकमताने ठरवली. मीटिंग चार मिनिटांत संपली. राघू सतरा.

गुरुवारी संध्याकाळी चंपतरावांनी सुनयनाकडून फोन मागून घेतला आणि तिघांना एकच प्रश्न विचारला.

"मी काय मनतो, पोरायहो. तुमच्या तिघांतनं जास्ती काम कोनं केलं?"

शुक्रवारची मीटिंग एक तास दहा मिनिटे चालली. राघू शून्य.