फेलिक्सचं बारसं

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की घुलेकाका आधी नाव विचारतात आणि लगेच, "अर्थ काय?" आमच्या मुलाचं नाव रेयांश. मला अर्थ सांगता येईना. "मग ठेवलं कशाला?" म्हणाले, आणि त्याला नुसतं 'बाळ' म्हणत राहिले. चाकणच्या कंपनीत जन्मभर माल तपासायचं काम केलेलं. खात्री केल्याशिवाय काही पास करायचं नाही, ही खोड रिटायर झाल्यावरही गेली नाही.

त्यांची लेक जर्मनीत, जावई तिकडचाच. तिला मुलगा झाला तेव्हा काका पेढे घेऊन दारात आले, पण चेहरा उतरलेला.

"फेलिक्स ठेवलंय म्हणे. पोराची सुरुवातच 'फेल'नं, राव!"

"अर्थ काय?" मी विचारलं.

हा प्रश्न काकांना आजवर कुणी विचारला नव्हता.

मग शोध सुरू. लेकीला फोनवर फोन. कासारवाडीला एक म्हातारे फादर राहतात, त्यांच्याकडेही जाऊन आले. आणि एका सकाळी मला लिफ्टमध्येच गाठलं.

"लॅटिन आहे, लॅटिन! आधी झाडाला म्हणायचे, फळणारं. मग माणसाला म्हणायला लागले, भाग्यवान, सुखी. रोमचा एक सेनापती तर पदवीसारखं लावायचा. त्यांच्या संतांमध्येही आहेत फेलिक्स."

"म्हणजे पास?"

"फर्स्ट क्लास!"

त्यानंतर भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना तो अर्थ पाठ झाला.

बारसं मात्र इथेच करायचं, असा हट्ट. काकू आता नाहीत, म्हणून तयारी आम्हीच केली. पाळणा भाड्यानं आणला, झेंडूच्या माळा लावल्या, घुगऱ्या शिजवल्या. पाळण्यात उशीला टेकवून मोबाईल ठेवला. त्यात पेंगुळलेला फेलिक्स. माझी बायको आत्या झाली. तिनं वाकून फोनमध्ये "कुर्र्र" केलं, नाव सांगितलं. काका दोरी ओढू लागले.

"बाबा, हलवू नका ना! आम्हाला नुसता पंखा दिसतोय," लेक ओरडली.

"अगं, पाळणा आहे. हलणारच."

तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. लेकीनं घाईघाईनं फोन ठेवला. बायका घुगऱ्या घेऊन आपापल्या घरी गेल्या. मी निरोप घ्यायला वळलो, तर काका अजून दोरी ओढतच होते.

"काका, फोन बंद झालाय."

"ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले. "पण दोरी सोडली, की या घरात काहीच हलत नाही, राव."