सरांनी शटर उघडलं

"यंत्र कधी बिघडत नसतं! अडाणी माणूस ते बिघडवतो आणि विज्ञान कळणारा माणूस ते दुरुस्त करतो!" असं म्हणून सरांनी बाह्या सरसावल्या आणि त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला.

सर म्हणजे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. त्यातही घर्षण हा त्यांचा हातखंडा विषय. त्यावर ते असे काही बोलत, की पहिल्या बाकावरच्या मुलांच्याही पापण्या आपोआप मिटत. घरात मात्र या विज्ञानाने आजवर एक मिक्सर, एक इस्त्री आणि दारावरची घंटा एवढे बळी घेतले होते. घंटा दुरुस्त झाल्यापासून पाहुणे दार वाजवत.

आताचा प्रसंग मात्र नाजूक होता. सरांच्या सासऱ्यांचा जुना फोटो स्टुडिओ बंद होणार होता. जागा चपलांच्या दुकानाला दिली होती. त्याआधी सगळ्या कुटुंबाचा एक फोटो आपल्या थोरल्या लाकडी कॅमेऱ्याने काढावा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. कॅमेरा कसला, भाता जोडलेलं कपाटच ते! त्याच्या भिंगाभोवती पितळी शटर होतं. खटका दाबला की आतल्या पात्या क्षणभर उघडायच्या आणि मिटायच्या. या शटरचं कौतुक दोन्ही जावई लग्न ठरल्यापासून ऐकत आले होते.

"घड्याळ चुकेल, पण माझं शटर चुकायचं नाही!" सासरे छाती फुगवून सांगत.

त्या दिवशी सगळे स्टुडिओत जमले आणि धाकट्या जावयाने घोटाळा केला. तो दातांचा डॉक्टर. कुठलंही भोक दिसलं की आत डोकावायची खोड! त्याने भिंगात डोकावत सहज खटका दाबला. आत पात्या आ वासलेल्या, मिटायचं नाव नाही.

"अरेरे, काय केलंत हे जावईबापू!" सासरे ओरडले. "कालपर्यंत लोण्यासारखं चालत होतं!"

"मी नुसतं बोट लावलं हो!"

"बोट लावलंत तिथेच सगळं आलं!"

सरांना मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. साडूने गाडी घेतली, सरांनी अभिनंदन केलं. साडूने बंगला बांधला, सरांनी फीत कापली. इतक्या वर्षांत साडूच्या हातून काही मोडल्याचं सुख आज पहिल्यांदा लाभत होतं!

"द्या ते शटर इकडे. उद्या सकाळी नवं करून आणतो," सर म्हणाले.

सासऱ्यांचा चेहरा पडला. "नको हो, कशाला उगाच? तुम्ही एवढे विद्वान..."

"संकोच करू नका! घरचंच काम आहे."

दुपारी सासऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली गेली. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल आलं. पेट्रोलजवळ ज्वाळा नको म्हणून सरांनी गॅस बंद करवला, खिडक्या उघडल्या आणि चहा रद्द झाला. चहा गेल्यामुळे सासूबाई लोकर आणि सुया घेऊन कोपऱ्यात जाऊन बसल्या.

सरांनी आधी मोबाइलवर शटरप्रेमी मंडळींचा सल्ला मागितला. एकजण म्हणाला, पात्यांना तेल लावणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे. दुसरा म्हणाला, तेल न लावणाऱ्याला टाकलं पाहिजे. तिसऱ्याने दोघांची अक्कल काढली. मग तिघं एकमेकांच्या घराण्यांवर घसरले आणि शटर बाजूला पडलं.

"याला म्हणतात जाणकार!" सरांनी फोन खाली ठेवला. "घर्षण हा शत्रू. शत्रूवर तेल ओतायचं, संपलं!"

"सर, चिमटा देऊ का?" साडूने नम्रपणे आपली हत्यारांची पेटी उघडली. लहानसा आरसा, बारीक चिमटे, कपाळावर बांधायचा दिवा! सरांना ते घेताना दाढ उपटल्यासारखं झालं, पण घ्यावं लागलं.

स्क्रू निघाले. पितळी झाकण उघडलं. आत घड्याळासारखी दातेरी चाकं, आणि वर्षानुवर्षांच्या धुळीचा काळा चिकटा! सरांनी सगळं पेट्रोलमध्ये बुडवलं आणि ब्रश फिरवला. चिकटा सुटला. सर खुशीत आले.

"बघा! आता ही स्प्रिंग हलकेच..."

टिंग!

स्प्रिंग उडाली. कुठे गेली, देव जाणे! सगळं घर गुडघ्यांवर आलं. सर टेबलाखाली, साडू सोफ्याखाली, दोघी बहिणी गालिच्यावर. सरकता सरकता दोन्ही साडूंची डोकी एकमेकांवर अशी आदळली, की इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचे विचार जुळले.

"हलू नका कुणी!" सासूबाई म्हणाल्या. स्प्रिंग त्यांच्या लोकरीच्या गुंड्यात रुतली होती. "घ्या. आणि जावईबापू, मी काय म्हणते, या शटरसाठी एवढा..."

"अगं, त्यांना काम करू दे!" सासरे इतक्या घाईने मध्ये पडले, की त्यांना ठसका लागला.

मग सरांनी शिवणयंत्राचं तेल आणलं. चाकाच्या टोकाला सुईच्या अग्राएवढा थेंब पुरतो. सरांनी चाकांना दिलं, पात्यांना दिलं आणि उरलेलं शाबासकी म्हणून वरून दिलं. पात्या एकमेकींना अशा बिलगल्या, की गळाभेट सुटेना!

"अहो, दोन ओल्या काचा चिकटतात, तसं झालंय का हे?" बायकोने विचारलं.

हा धडा सर दरवर्षी शिकवत. त्यांनी पात्या पुन्हा धुतल्या, पुसून कोरड्या केल्या, शटर जोडलं आणि श्वास रोखून खटका दाबला. खट्‌! उघडलं आणि मिटलंसुद्धा!

काय तो आनंद! सरांनी बायकोला ऐकवलं, साडूला दोनदा ऐकवलं, फोन करून प्राचार्यांनाही ऐकवलं. नवल सासऱ्यांचं. ते शटर हातात घेऊन परत परत खटका दाबत होते आणि भूत पाहिल्यासारखे त्याच्याकडे बघत होते.

सकाळी सगळे स्टुडिओत हजर झाले. सासऱ्यांकडे एकच फिल्म शिल्लक होती. ती बसवण्याआधी सर पुढे सरसावले.

"थांबा! एकदा सगळ्यांनी पाहून घ्या. घर्षणावर विज्ञानाने मिळवलेला विजय!"

खटका दाबला. आतून करकर आवाज आला. पात्या उघडल्या. मग त्यातली एक पाती सावकाश निसटली आणि सरांच्या बुटावर येऊन पडली. बाकीच्या आ वासून राहिल्या.

सरांच्या कानापासून मानेपर्यंत लाली चढली.

"गेलं!" सासरे पुटपुटले. "इतकी वर्षं एक दिवस दगा दिला नाही..."

"पुरे हो आता!" सासूबाई कडाडल्या. "ते शटर चाललंच होतं कधी? विकत आणलंत तेव्हापासून असंच उघडं आहे! आयुष्यभर भिंगाची टोपी काढून, तोंडाने आकडे मोजून फोटो काढलेत आणि जावयांपुढे फुशारक्या! त्या बिचाऱ्या डॉक्टरांवर आळ घेतलात, सरांना दिवसभर राबवलंत, वर माझा चहा बुडवलात!"

सासऱ्यांनी काळ्या कापडात डोकं घातलं. आतून क्षीण आवाज आला, "सगळे तयार?"

फिल्म बसली, टोपी निघाली. "एक... दोन... तीन..." सासरे मोजू लागले. चारवर साडूला हसू फुटलं. पाचला सासूबाई पदर तोंडाशी धरून हलू लागल्या. सहाला दोघी बहिणी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. आठ होईपर्यंत सगळा स्टुडिओ गदागदा हलत होता.

फोटो आता सासऱ्यांच्या दिवाणखान्यात टांगलाय. त्यात सगळं कुटुंब हसण्याच्या धुक्यात विरघळून गेलंय. फक्त मधोमध एक गृहस्थ उभे आहेत, मिशीचा केस न्‌ केस मोजून घ्यावा इतके स्पष्ट.

"हा पुतळा कुणाचा हो?" पाहुणे हमखास विचारतात.

"पुतळा नाही, आमचे हे आहेत," सरांची बायको सांगते. "विज्ञानात याला जडत्व म्हणतात!"