साहेबाची काच

"खिडक्यांचं माझ्यावर सोडा! खिडकीतलं कळणारा आपल्या गावात एकच माणूस हाय!"

दत्तात्रेयने हे छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हाच कुणीतरी त्याचा हात धरायला हवा होता. पण नवं घर त्याचं, हौस त्याची. त्यात उरणच्या बंदराकडे ट्रेलर चालवून त्याच्या मनात एक निळी काच कायमची बसली होती. तिथल्या ऑफिसांना असते ना, तसली! आतल्या साहेबाला बाहेरचा ड्रायव्हर दिसतो, ड्रायव्हरला साहेब काही दिसत नाही. बिचारा वर्षानुवर्षं कागदांवर सही मिळायची वाट बघत त्या काचेत स्वतःचंच घामट तोंड न्याहाळत आला होता. आता साहेब व्हायची पाळी त्याची होती!

दुकानदार म्हणाला, "शेठ, ही ऑफिसला लावतात. उघडत नाय ती. घराला सरकती घ्या, नायतर दोन झडपांची."

"ऑफिसवाले काय येडे हायत?" दत्तात्रेय म्हणाला. "हीच द्या!"

बायको कृष्णाबाई हादरलीच. "अवो, उघडत न्हाय ती कसली खिडकी? सोनूबायशी बोलू कुठून? वाटी देऊ कुठून?"

सोनूबाई म्हणजे शेजारीण. दोघी या गावात नव्या नवऱ्या म्हणून आल्या तेव्हापासून समोरासमोरच्या खिडक्यांतून त्यांचा निम्मा संसार चालायचा. इकडून तांदळाची गरम भाकरी जायची, तिकडून कोलंबीचं कालवण यायचं, आणि येताजाता सासवांची उणीदुणी निघायची. नव्या घराची खिडकीही सोनूबाईच्या खिडकीसमोरच ठेवायची, हे कृष्णाबाईने भांडून कबूल करून घेतलं होतं.

"वाटी दारातून द्यायची, माणसासारखी! आनि वाऱ्याला एसी लावतो!" झालं. काच बसली.

वास्तुशांत झाली. सोनूबाई सकाळपासून मागच्या चुलीवर पाहुण्यांसाठी वडे तळत होती. संध्याकाळी ती कपडे बदलायला घरी गेली, आणि इकडे दत्तात्रेयने हॉलमधल्या पाहुण्यांना काचेसमोर रांगेत बसवलं.

"बगा आता! आपल्याला सगळं दिसतं, त्यांना काय बी दिसत न्हाय!"

बाहेर एक गडी आला, काचेत बघून त्याने भांग पाडला, मिशी पिळली, स्वतःवर खूश होऊन निघून गेला. हॉलमध्ये हशा! तेवढ्यात नवं लुगडं नेसून, हातात ओटीचं ताट घेऊन सोनूबाई आली. समोर एवढा मोठा आरसा! तिने गजरा नीट केला, दात पाहिले, नथ सरळ केली. मग ती हात हलवून, मान वेळावून काचेशी बोलायलाच लागली. आवाज आत येत नव्हता. नुसते हातवारे दिसत होते. पाहुणे पोट धरून हसायला लागले, आणि हो, सगळ्यांत मोठ्याने दत्तात्रेय!

कृष्णाबाई आतून धावत आली. "अवो, हसता काय! माझी सोनू हाय ती!" ती काचेला जाऊन भिडली आणि सोनूबाईला 'दारातून ये, दारातून ये' म्हणून दोन्ही हातांनी खुणावू लागली.

आता बाहेर अंधारून आलं होतं. राहीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, चांगल्या मनाने हॉलचे सगळे दिवे लावले. आणि काच उलटली! आतल्यांना स्वतःचीच तोंडं दिसायला लागली, आणि बाहेरच्या सोनूबाईला दिसली खदाखदा हसणारी ती आख्खी रांग, आणि पुढे उभी राहून 'जा, जा' असे हात करणारी कृष्णाबाई!

कृष्णाबाई दारातून बाहेर पळाली. तोवर ताट घेऊन सोनूबाई आपल्या घरात गेली होती, आणि कडी लागली होती.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली काशी येऊन सांगून गेली, "मी मागंच उभी होते. मोठ्या पाहुन्यांसमोर बोलताना चुकू नये म्हनून ती सराव करत होती गो. 'कृष्णे, लय मोठं घर झालं तुझं, आमाला इसरू नको,' असं म्हनत होती."

दत्तात्रेयचा चेहरा उतरला. तसाच उठून तो माफी मागायला गेला. सोनूबाई दारातूनच म्हणाली, "साहेब लोकांच्या घरी आमचं काय काम?"

साहेब! ज्या शब्दासाठी त्याने एवढा खटाटोप केला, तो कानात तापल्या तेलासारखा गेला. त्याने त्याच आठवड्यात काच काढून टाकली आणि गज लावलेली, दोन झडपांची साधी खिडकी बसवून घेतली.

कृष्णाबाईने ती उघडली. खाडीवरचा वारा भरारा आत आला. समोर सोनूबाईची खिडकी मात्र बंद होती. तिच्या घराच्या पलीकडच्या बाजूने तिची हाक ऐकू आली, "काशी, वाटी घे गो!"

दत्तात्रेय उगाचच गजांवरून हात फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "वारा मात्र झकास येतो, न्हाय?"

"येतो ना," कृष्णाबाई म्हणाली. "तिच्या कालवनाचा वास पन येतो."